कागद कोणी द्यायचा? किरायाची खोली, ठेकेदाराचा पगार अन् तहसीलचा दाखला

गेल्या काही महिन्यांत आमच्या फॅमिली ग्रुपवर दोन मेसेज इतक्यांदा फिरले की आता पाठ झाले. एक, "किरायेदारांसाठी नवीन नियम, आता घरमालक दोन महिन्यांच्या वर डिपॉझिट घेऊच शकत नाही". दुसरा, "नवीन लेबर कोड आला, एका वर्षात ग्रॅच्युइटी, दोन दिवसांत हिशोब". पहिला आपल्या महाराष्ट्रात तरी लागू नाही, दुसरा बऱ्यापैकी खरा पण अर्धवट. अन् गंमत अशी की ज्याला खरी गरज आहे तो दोन्ही मेसेज पुढे ढकलतो पण वापरत काहीच नाही, कारण त्याला वाटते आपल्याजवळ कागदच नाही तर बोलायचं कोणत्या तोंडानं.

माझंही तेच झालं होतं. काही वर्षांपूर्वी नागपुरात मानेवाड्याकडे दोन खोल्या किरायानं घेतल्या होत्या, स्टॅम्प पेपरवर अकरा महिन्यांचा करार, खाली नोटरीचा लाल शिक्का, डिपॉझिट पंचवीस हजार, तेही रोख. सोडताना घरमालकानं पेंटिंगचे म्हणून अर्धे पैसे कापले. भिंतीला मी एकच खिळा ठोकला होता, तोही कॅलेंडरचा. मी म्हटलं कापायचं कुठं लिहिलं आहे, ते म्हणाले नाही कापायचं तरी कुठं लिहिलं आहे. मी गप्प बसलो, कारण करार रजिस्टर नव्हता अन् मला वाटलं ही चूक आपलीच. पुढं एका वकील मित्रानं कायदा काढून दाखवला तेव्हा समजलं की सगळं उलटं होतं, करार रजिस्टर नव्हता म्हणूनच माझं म्हणणं वजनदार होतं. साडेबारा हजाराची शिकवणी पडली म्हणा.

आधी टोकनची गोष्ट

बर्डीच्या बाजारात गाडी स्टँडला लावली की स्टँडवाला टोकन देते. समजा त्यानं दिलंच नाही, अन् संध्याकाळी आपण परत आलो तर म्हणते टोकन दाखवा मग गाडी घेऊन जा. आपण काय म्हणू? "काहून बे, टोकन द्यायचं काम तुझं होतं ना." तिथं आपण अजिबात लाजत नाही. पण हाच प्रकार घरमालक, ठेकेदार किंवा तहसीलच्या खिडकीवर झाला की आपण मान खाली घालून घरी येतो.

मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे की या तिन्ही जागी टोकन द्यायची जबाबदारी कायद्यानं समोरच्यावर टाकली आहे. करार रजिस्टर करून घ्यायचा घरमालकानं. नेमणुकीचं पत्र द्यायचं मालकानं. अर्जाची पोच अन् किती दिवसांत काम होईल ती तारीख द्यायची ऑफिसनं. तुमच्याजवळ कागद नसला तर पहिला प्रश्न "तुम्ही का नाही घेतला" हा नसून "यांनी का नाही दिला" हा आहे.

शिवाय हे तीन कागद एकमेकांत अडकलेले असतात. किरायाचा करार नाही म्हणून नागपूरच्या पत्त्याचा पुरावा नाही, पत्ता नाही म्हणून राशन कार्ड अजून गावाकडचंच, अन् मग एखाद्या दिवशी मेडिकलला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, कोणाला भरती केलं की योजनेच्या खिडकीवर कार्ड अन् आधार मागतात तेव्हा आपली धावपळ सुरू. महात्मा फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून पिवळं, केशरी, पांढरं कोणतंही राशन कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत लागू आहे, म्हणजे पैसेवाला असो की गरीब, कार्ड असलं की काम सोपं. अन् पैसेवाल्याकडे कार्ड असतेच.

अकरा महिने काहून?

बारा का नाही, हा प्रश्न मी लहानपणापासून विचारत आलो, कोणी नीट उत्तर दिलं नाही. उत्तर असं की १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा असेल तर रजिस्टर करणं सक्तीचं आहे. मग लोकांनी पळवाट काढली, अकराच महिन्यांचा करा, रजिस्ट्रीची कटकट नको. देशात बऱ्याच ठिकाणी ही पळवाट चालते. महाराष्ट्रात चालत नाही, अन् हे सांगितलं की निम्मे एजंटसुद्धा तोंडाकडे पाहतात.

आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ लागू आहे, ३१ मार्च २००० पासून. त्याच्याआधी विदर्भात वेगळंच होतं, सीपी अँड बेरारच्या जमान्यातला १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश चालायचा, त्यात घरमालकाला किरायेदार काढायचा असला तर आधी रेंट कंट्रोलरची परवानगी लागायची. महाल-इतवारीतल्या जुन्या वाड्यांमधले किरायेदार पिढ्यान्‌पिढ्या का बसलेले असतात त्याचं मूळ बरंचसं तिथं आहे. मुंबईकडे १९४७ चा, मराठवाड्यात निजामाच्या मुलखातला १९५४ चा, असे तीन कायदे होते, ते एकत्र करून १९९९ चा बनवला.

या कायद्याचं कलम ५५ प्रत्येक किरायेदारानं पाठ करावं असं आहे. ते सांगते, करार लेखी अन् रजिस्टर्डच पाहिजे, मुदत एक महिना असो की साठ. रजिस्टर करायची जबाबदारी घरमालकाची. नाही केला तर घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अन् सगळ्यात भारी म्हणजे, रजिस्टर्ड करार नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल किरायेदाराचं म्हणणं धरायचं, घरमालकानं उलट सिद्ध करून दाखवेपर्यंत. माझ्या त्या पेंटिंगवाल्या भांडणात मी म्हणालो असतो की कापायचं ठरलंच नव्हतं, तर सिद्ध त्यांना करावं लागलं असतं. मी मात्र मुकाट्यानं टेम्पोत सामान भरलं.

नोटरीचा शिक्का म्हणजे रजिस्ट्री नव्हे. नोटरी एवढंच सांगते की सही करणारे समोर होते. रजिस्ट्री दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे सब-रजिस्ट्रारकडे होते, अन् आजकाल लिव्ह अँड लायसन्सची तर ऑनलाइन होते, आधार अन् अंगठा.

हा लिव्ह अँड लायसन्स शब्द एकदाच नीट समजून घ्या. याचा अर्थ ठरावीक मुदतीपुरती घर वापरायची परवानगी. त्यात आपण कायद्याच्या भाषेत भाडेकरू होत नाही, परवानगी संपली की घर सोडावं लागते. अन् मुदत संपूनही बसून राहिलो तर दुप्पट किराया लागू शकते, हेही त्याच कायद्यात आहे, म्हणून फुकटची शूरवीरता नको. पण मुदत संपली म्हणून घरमालकानं स्वतः येऊन आपलं सामान रस्त्यावर काढायचं अन् कुलूप ठोकायचं, असं नाही चालत. त्याला सक्षम प्राधिकारी म्हणून नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागते, आपल्याला समन्स येते, उत्तर द्यायला तीस दिवस असतात.

अन् जो खराखुरा भाडेकरू आहे, पावती घेऊन वर्षानुवर्षं किराया देणारा, त्याचं पाणी-लाइट योग्य कारणाशिवाय तोडता येत नाही, कलम २९. तोडलं तर कोर्टात अर्ज करता येते, अन् नागपूरला अशा मामल्यासाठी लघुवाद न्यायालय आहे. किराया थकला असला तरीसुद्धा आधी लेखी नोटीस अन् नव्वद दिवस द्यावे लागतात.

"करार मागितला तर म्हणते दुसरी खोली पाहा"

हा आक्षेप बरोबर आहे अन् कायद्याचं पुस्तक दाखवून तो सुटत नाही. बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांत कामाला येणाऱ्या पोराला रात्री झोपायला जागा पाहिजे, तो कलम ५५ सांगत बसला तर घरमालक त्याला नमस्कार करून दार लावते.

माझा अनुभव असा की घरमालकाला त्याचा फायदा सांगितला तर तो ऐकते. बहुतेक घरमालकांना भीती एकाच गोष्टीची असते, हा बसून तर नाही जाणार. तर सांगायचं, काका, रजिस्टर्ड लिव्ह अँड लायसन्स असला तर तुम्हाला खोली परत घ्यायचा जलद रस्ता आहे, लेखी करारातलं लिहिलेलं पक्का पुरावा धरतात. रजिस्टर नसला तर तुम्हीच लटकाल. खर्चाचं म्हणाल तर आठ हजार किराया अन् वीस हजार डिपॉझिट असेल तर अकरा महिन्यांचे ८८,००० अधिक डिपॉझिटवर दहा टक्क्यानं धरलेलं व्याज २,०००, झाले ९०,०००, त्यावर पाव टक्का स्टॅम्प ड्युटी म्हणजे दोन-तीनशे रुपयांच्या घरात. शहरात रजिस्ट्री फी १,००० अन् वर थोडा ऑनलाइनचा चार्ज. बाकी जे मागतात ते एजंटचं पोट. दोघांनी अर्धं अर्धं केलं तर एका सावजी पार्टीएवढा खर्च नाही.

नाहीच ऐकलं तर पुरावा आपण बनवायचा. किराया रोख देऊ नका, यूपीआयनं द्या अन् नोटमध्ये "मार्चचा किराया, वरची खोली" असं लिहा. डिपॉझिट दिल्यावर व्हॉट्सअ‍ॅप टाका, "काका, डिपॉझिटचे वीस हजार आज दिले, खोली सोडताना परत करणार असं ठरलं आहे", त्यांनी नुसता अंगठा टाकला तरी चालते. किरायाची पावती मागणं हाही हक्क आहे, पण नागपुरात पावती मागितली की लोकांना अपमान वाटते, काय करता. राहायला जायच्या दिवशी भिंतींचा व्हिडिओ मात्र नक्की काढा, खिळ्यांसकट.

अन् तो दोन महिन्यांच्या डिपॉझिटचा मेसेज? तो केंद्रानं २०२१ मध्ये बनवलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यातला नियम आहे. आदर्श म्हणजे नमुना. घरभाडं राज्याचा विषय, राज्यानं आपला कायदा करून स्वीकारला तरच लागू. आपल्याकडे १९९९ चाच आहे अन् त्यात डिपॉझिटला अशी दोन महिन्यांची मर्यादा नाही. म्हणून किती, कधी परत, कशाचे कापणार, हे करारातच लिहून घेणं महत्त्वाचं.

पगाराची स्लिप अन् संत्र्याची पेटी

आता नोकरीकडे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, लोक त्याला लेबर कोड म्हणतात. २९ जुने कायदे गुंडाळून चार केले, वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा अन् कामाच्या जागची सुरक्षितता. युनियनवाल्यांचे यातल्या बऱ्याच गोष्टींवर आक्षेप आहेत, अन् काही मलाही पटतात, जसं की ३०० पेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला आता कपातीसाठी सरकारची परवानगी लागत नाही, आधी हा आकडा १०० होता. पण ज्या गोष्टी आपल्या कामाच्या आहेत त्या तरी वापरू.

पहिलं म्हणजे नेमणूकपत्र. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत प्रत्येकाला ते दिलंच पाहिजे, अन् जे आधीपासून बिनपत्राचे काम करून राहिले त्यांनाही संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांत. हे आपलं टोकन. ते असलं की पगार किती ठरला, काम कोणतं, कधीपासून, यावर वाद होत नाही.

दुसरं, वेतनाची व्याख्या. मंडईत संत्र्याची पेटी घेतो तेव्हा वरचा थर कसा मोठमोठ्या फळांचा असते, घरी जाऊन उघडली की खाली चिल्लर. पगाराच्या स्लिपचंही तसंच होतं. एकूण वीस हजार, पण बेसिक सहा हजार अन् चौदा हजार नाना प्रकारचे भत्ते. कारण पीएफ (भविष्य निधी), ग्रॅच्युइटी हे बेसिक अन् महागाई भत्त्यावर मोजायचे, भत्ते जितके फुगवले तितकी कंपनीची बचत. आता नियम असा की असे भत्ते एकूण पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त असतील तर वरची रक्कम वेतनातच धरायची. म्हणजे वीस हजारांतले दहा हजार भत्ते ठीक, वरचे चार हजार बेसिकच्या सहात मिळवा, वेतन झालं दहा हजार.

याचा फरक ग्रॅच्युइटीत दिसते. ग्रॅच्युइटी म्हणजे वर्षानुवर्षं एका ठिकाणी काम केल्याबद्दल सोडताना मालकानं द्यायची रक्कम, हिशोब सोपा, शेवटच्या महिन्याच्या वेतनाचे पंधरा दिवस गुणिले जितकी वर्षं, महिना २६ दिवसांचा धरून. सहा वर्षं काम अन् वेतन दहा हजार तर ३४,६१५ रुपये. जुन्या सहा हजारानं मोजलं असतं तर २०,७६९.

अन् ती "एका वर्षात ग्रॅच्युइटी"? ती सगळ्यांना नाही. पर्मनंट माणसाला पाच वर्षंच लागतात. एक वर्षाची सवलत फिक्स्ड टर्मवाल्याला, म्हणजे ज्याचा कंपनीशी थेट, ठरावीक मुदतीचा लेखी करार आहे. ठेकेदारामार्फत लागलेला माणूस फिक्स्ड टर्म नव्हे. इथंच लोक गल्लत करून राहिले.

"दोन दिवसांत हिशोब" मात्र खरं आहे. राजीनामा दिला, काढून टाकलं, कंपनी बंद पडली, काहीही असो, राहिलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं. एचआरवाला "फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांनी होते" म्हणतो ना, ती कंपनीची सवय आहे. कायदा तसं म्हणत नाही. फक्त हे वेतनापुरतं आहे, ग्रॅच्युइटीला तीस दिवस असतात.

पीएफ म्हणजे अशी भिशी की जिचा निम्मा हप्ता दुसरा भरते

पंधरा हजार वेतन असेल तर तुमचे बारा टक्के, १,८०० रुपये कापतात. मालक स्वतःचे तेवढेच टाकते, त्यातले १,२५० पेन्शनच्या खात्यात अन् ५५० पीएफमध्ये. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी हे लागू. यातच एक विमा असते ज्याचा एक रुपयाही आपल्याकडून कापत नाहीत, नोकरीत असताना माणूस गेला तर घरच्यांना ७ लाखांपर्यंत भेटू शकतात. किती घरांना हे माहीतच नसते. तेरवी होऊन जाते, कोणी अर्जच करत नाही.

माझा एक मावसभाऊ बुटीबोरीला ठेकेदाराकडे आहे. त्याच्या स्लिपवर दर महिन्याला पीएफ कापलेला दिसायचा. एक दिवस सरकारी उमंग अ‍ॅपवर पासबुक उघडून पाहिलं तर अकरा महिने एकही पैसा जमा नाही. भिशीवाल्या काकूंनी सगळ्यांकडून हप्ता घेतला अन् भिशी उघडलीच नाही, असा प्रकार. ठेकेदार म्हणाला, "भरू ना भाऊ, बिल अडकलं आहे." पण कामगाराच्या पगारातून कापलेला पैसा न भरणं ही उधारी नाही, तो फौजदारी विश्वासघात आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये हे स्पष्ट लिहिलं आहे. म्हणून स्लिप जपून ठेवायची अन् पासबुक महिन्या-दोन महिन्यांनी पाहायचं. आपण मोबाइलचा बॅलन्स रोज पाहतो, हे मात्र वर्षातून एकदा, तेही नोकरी सुटल्यावर.

वेतन २१,००० पर्यंत असेल अन् दहा माणसं असतील तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, पण लागते, आपला पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन. आजारी पडून सुट्टी झाली तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के मिळतात. आपल्याकडे लोक सोमवारीपेठेतल्या ईएसआयच्या दवाखान्याला फक्त गोळ्या आणायला जातात, हे पैसे मागायचे राहूनच जाते.

"ठेकेदारच पळून गेला तर कोणाला धरायचं?"

ज्याच्या गेटच्या आत काम केलं त्याला. वेतन संहितेत साफ आहे, ठेकेदारानं वेतन दिलं नाही तर ज्या कंपनीच्या जागेत काम झालं तिनं द्यायचं, मग तिनं ठेकेदाराकडून वसूल करावं, तो त्यांचा प्रश्न. जुन्या ठेका कामगार कायद्यातही मूळ मालक जबाबदारच होता. म्हणून गेट पास, हजेरीचा फोटो, सुपरवायझरचे ड्यूटीचे मेसेज, हे सगळं सांभाळा, त्यावरून तुम्ही कोणाच्या आत काम करत होता हे दिसते. वेतनाचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येते, त्यामुळे "आता काय, सहा महिने झाले" असं म्हणून सोडू नका.

डिलिव्हरीवाल्या पोरांचं वेगळं आहे. गिग कामगार हा शब्द कायद्यात पहिल्यांदा आला, अ‍ॅप कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के एका निधीत टाकायचे आहेत. पण ते पीएफसारखं तुमच्या नावाचं खातं नव्हे. सध्या ई-श्रम या कामगारांच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी करून ठेवा, एवढंच हातात आहे.

"पण मग हातात पगार कमी येईल ना?"

काहींचा येईल. ज्यांचा पीएफ आधी सहा हजारांवर कापायचे त्यांचा आता दहावर कापतील, म्हणजे ७२० च्या जागी १,२००. चारशे ऐंशी रुपये कमी. पण कंपनीलाही तेवढेच जास्त टाकावे लागतील. आमच्या घरी यावर भांडण झालं, बायको म्हणाली गॅस सिलिंडर भविष्य निधीतून येते का. तिचंही बरोबर आहे. ज्यांचा पीएफ आधीच पंधरा हजारांच्या मर्यादेवर कापतात त्यांना मात्र यातून फरक पडायचं कारण नाही.

तहसीलच्या खिडकीवर

आता तिसरा कागद. पासष्टच्या वरच्या निराधार माणसाला श्रावणबाळ योजना, त्याखालच्या विधवा, परित्यक्ता, दिव्यांग अशांना संजय गांधी निराधार, महिन्याला १,५०० रुपये, दिव्यांगांना आता २,५००. उत्पन्नाची अट साधारण वर्षाला २१,००० च्या आत, दिव्यांगांना ५०,०००. एकवीस हजार वर्षाला म्हणजे दिवसाला साठ रुपयेही नाहीत. दोन प्लेट तर्री पोहे अन् चहा घेतला की माणूस अपात्र, असा हिशोब झाला. ज्यांना दुसऱ्या सरकारी योजनेतून आधीच १,५०० मिळतात त्यांना लाडकी बहीण लागू होत नाही, हेही बऱ्याच बायांना फॉर्म रद्द झाल्यावरच समजते.

पण मला खरं बोलायचं आहे ते खिडकीबद्दल. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवांना दिवस ठरवून दिले आहेत, उत्पन्नाच्या दाखल्याला १५. अर्ज दिला की नंबर असलेली पोच मिळाली पाहिजे, अन् त्या तारखेपासून दिवस मोजायला लागायचे. दिवस उलटले किंवा अर्ज फेटाळला तर तीस दिवसांत पहिलं अपील, त्याच ऑफिसातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे, मग दुसरं, मग राज्य सेवा हक्क आयोग, ज्याचे आयुक्त नागपूर विभागालाही आहेत. दोष आढळला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड, त्याच्या खिशातून. दाखला नाही म्हणायचं असलं तरी कारण लेखी द्यावं लागते, "साहेब रजेवर आहेत, पुढच्या आठवड्यात या" हे कारण नव्हे.

यातली अडचण अशी की लोक पोचच घेत नाहीत. कागद खिडकीत सरकवतात अन् घरी येतात. तारीखच नाही तर पंधरा दिवस कुठून मोजणार.

"एजंटला पाचशे दिले की होते ना काम"

होते, मी नाही म्हणत नाही. कलेक्टर ऑफिसच्या बाहेर झाडाखाली बसून फॉर्म भरून देणारे लोक असतात, त्यातले काही प्रामाणिकपणे लिहून देण्याचे पन्नास-शंभर घेतात अन् ते मला गैर वाटत नाही, सगळ्यांना फॉर्म भरता येत नाही. पण एजंट जेव्हा अर्ज स्वतःच्या मोबाइल नंबरनं टाकते तेव्हा पोच, ओटीपी, मेसेज सगळं त्याच्याकडे जाते. आमच्या गल्लीतल्या एका काकूंचा श्रावणबाळचा अर्ज त्रुटी म्हणून परत आला होता, दुरुस्त करायची मुदतही होती, पण मेसेज गेला एजंटला अन् त्यानं तोवर नंबरच बदलला. काकू सात महिने वाट पाहत बसल्या. एजंट लावा, पण नंबर तुमचाच टाका.

"भांडायला वकील कुठून आणू?"

सरकारी मोफत कायदेशीर मदत १९८७ च्या कायद्यानं आहे अन् ती फक्त गरिबांसाठी आहे असं लोक समजतात. प्रत्यक्षात बाई, लहान मूल, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, दिव्यांग, अन् औद्योगिक कामगार, यांना उत्पन्न कितीही असलं तरी वकील फुकट मिळू शकते. बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांची मर्यादा. सिव्हिल लाइन्समध्ये जिल्हा कोर्टाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, साध्या कागदावर मराठीत अर्ज चालते, नाहीतर १५१०० वर फोन करा. पीएफसाठी तर वकीलही नको, पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी ईपीएफओच्या पोर्टलवर तक्रार टाकता येते, किंवा तुकडोजी पुतळ्याजवळच्या त्यांच्या ऑफिसात जाऊन.

मावसभावानं तक्रार टाकली. सोबत अकरा स्लिपा अन् गेट पासचा फोटो जोडला, अन् एक कॉपी कंपनीच्या एचआरला मेल केली, ठेकेदाराला नाही, मूळ कंपनीला. तीन आठवड्यांनी ठेकेदाराचा स्वतःहून फोन आला, "तू आपला माणूस आहे, थेट वर कशाला गेला." पासबुकात चार महिन्यांचे आले आहेत. सात बाकी आहेत, तक्रार अजून त्यानं बंद केलेली नाही.